आधी कुळकथा, मग कथा?

अद्भुतकथा लिहायला घेणाऱ्या मराठी लेखकाला बहुधा पहिल्याच प्रकरणात सगळे सांगून टाकायची घाई असते. राज्य कोणी वसवले, शाप कोणी दिला, नायकाला कोणती विद्या येते, तिच्यावर उतारा काय. सारे सुरुवातीलाच उरकले जाते आणि पुढे वाचकाने शोधावे असे काही उरत नाही. ही खोड नुसत्या कच्च्या हाताची नाही. तिच्यामागे एक जुनी, यशस्वी रीत आहे.

१८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. या नाटकांत सूत्रधार पद्यांतून कथा पुढे नेई, पात्रांची ओळख करून देई. राक्षस तर आरोळ्या ठोकतच शिरत. रावण कोण, धनुष्य कोणाचे, हे आधी सांगितल्याने रसभंग होण्याचा प्रश्नच नव्हता. पुराण प्रेक्षकांना पाठ होते; ते पाहायला येत ती तऱ्हा. स्वतंत्र अद्भुतकथेचे पुराण मात्र लेखकाखेरीज कोणालाच ठाऊक नसते. तिथे भाव्यांची रीत उसनी घेतली की सूत्रधार मंचावरून हलतच नाही.

याच्या उलट धडा सांगली जिल्ह्यातल्याच एका लेखकाने दिला आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ही अद्भुतकथा नव्हे, वानरांच्या टोळीची कहाणी आहे. पण अनोळखी जगात वाचकाला कसे न्यावे, हे शिकायचे तर तीच वाचावी. टोळीचे कायदे माडगूळकर मांडून दाखवत नाहीत. जुना नर हुसकला जातो, नवा येतो, पिलांच्या जिवावर बेतते. सत्ता बदलली म्हणजे काय झाले, हे वाचकाला माद्यांच्या धावपळीतून उमगते.

भयकथाकार नारायण धारपांकडे (१९२५–२००८) हळूहळू उलगडण्याच्या या कलेची दोन्ही टोके दिसतात. भय चढवत नेण्यात त्यांचा हात धरणारा मराठीत विरळा. 'समर्थ' कथांत मात्र नायक समर्थांच्या सामर्थ्याला मर्यादा कोणती आणि त्याची किंमत काय, हे फारसे जाणवत नाही. ते आले की वाचक निर्धास्त होतो. शक्ती झाकून ठेवली म्हणजे ती उलगडली असे होत नाही.

धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट हिंदीत आहे, पण या बाबतीत मराठी लेखकांनी तो पुन्हा पुन्हा पाहावा. देवीपुत्र हस्तरने सोने बळकावले, धान्याला हात घातला आणि देवांनी त्याला रोखले, एवढी दंतकथा आरंभीच येते. ती वाचून दाखवलेल्या माहितीसारखी वाटते, आणि आपण विसरतो. पुढे नायक विनायक गावाहून मोहरा आणतो. कशा आणतो, ते बराच वेळ दाखवलेच जात नाही. मग तो कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो आणि धान्याचा तो विसरलेला धागा एकदम हाताशी येतो: भुकेल्या हस्तरपुढे टाकलेले आमिष आहे ते. शेवटी त्याचा मुलगा सुचवतो, एकीऐवजी पुष्कळ बाहुल्या नेऊ. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! नवा नियम एकही आणलेला नाही. जुनाच नियम लोभी माणसांवर उलटला आहे. पात्राची कुवत आणि जगाचा कायदा एकाच प्रसंगात कळतात, तेही पात्राला किंमत मोजायला लावून.

आपल्याकडे अद्भुताची उणीव कधीच नव्हती. ते राखून खर्च करण्याची सवय मात्र अजून लागायची आहे. लेखकाने आपल्या जगाचा विश्वकोश जरूर तयार करावा. साताऱ्याच्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम झाले, तितक्या चिकाटीने करावा. पण तो वहीतच ठेवावा. पात्र अडल्याखेरीज त्यातली एकही नोंद बाहेर काढू नये. आणि पहिले प्रकरण वंशावळीचे असेल, तर संपादकांनी ते बेलाशक कापावे.