स्पर्श झाला म्हणजे पाणी मिळालं का? : लेयरचे नियम आणि शहापूर-मुरबाडचे पाडे

पाणीटंचाईचा नकाशा पाहताना आपण रंग बघतो. लाल गावं टंचाईची, हिरवी ठीक. पण कोणतं गाव हिरवं होणार हे नकाशा छापण्याच्या बऱ्याच आधी ठरलेलं असतं. दोन लेयर एकमेकांवर ठेवून सॉफ्टवेअरला एक नियम सांगितलेला असतो, आणि अहवालात नेमका तोच नियम बहुतेक वेळा लिहिलेला नसतो. आजची टीका त्या न लिहिलेल्या नियमावर आहे.

आधी नियम म्हणजे काय ते बघू. क्यूजीआयएसमध्ये एका लेयरची माहिती जागेनुसार दुसऱ्या लेयरला जोडता येते. त्यासाठी दोन आकृत्यांचं नातं निवडावं लागतं : एकमेकींना छेदतात, एक दुसरीच्या आत आहे, फक्त कडा टेकतात, वगैरे. खिडकी उघडली की ‘छेदतात’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. बहुतेक जण तो तसाच ठेवून पुढे जातात.

आता हा नियम शहापूरला लावा. तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत. तानसा तर १८९२चं. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात. जलसाठ्यांचा लेयर आणि गावांचा लेयर ‘छेदतात’ने जोडला, की धरणाकाठची गावं सगळ्यात आधी हिरवी होतात. जलाशय गावाच्या हद्दीला टेकतो हे खरंच आहे. फक्त ते पाणी जलवाहिनीतून मुंबईला जातं, हे आकृतीत कुठेच नाही. मुरबाडच्या बाजूला एमआयडीसीच्या बारवी धरणाबाबत हाच घोटाळा होऊ शकतो. भूमितीला शेजार कळतो, पाण्यावरचा हक्क कळत नाही.

दुसरी अडचण गावाच्या आकृतीची. जनगणनेत एकक असतं महसुली गाव. पण माणसं राहतात पाड्यांवर, आणि एका गावाचे पाडे डोंगराच्या दोन बाजूंना असू शकतात. समजा, गावाला पाच पाडे आहेत आणि नळयोजना फक्त गावठाणात पोचली आहे. नळाचा बिंदू गावाच्या बहुभुजात पडला, नियम पूर्ण झाला, अख्खं गाव हिरवं. इथे ‘छेदतात’ने उत्तर दिलं ते ‘कुठेतरी पाणी आहे का?’ या प्रश्नाचं. आपला प्रश्न होता ‘सगळ्यांना पाणी आहे का?’ ‘कुठेतरी’ आणि ‘सगळ्यांना’ यांच्या मधल्या फटीत चार पाडे गायब होतात, आणि टँकर मागायला गेल्यावर त्यांना हाच नकाशा दाखवला जाऊ शकतो.

तिसरा मुद्दा बफरचा. विहिरीभोवती वर्तुळ काढायचं आणि आत पडलेल्या वस्त्या ‘सोय आहे’ म्हणून मोजायच्या. केंद्राच्या ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जुना निकष असा होता : सपाट भागात १.६ किलोमीटरच्या आत, डोंगराळ भागात उंचीच्या १०० मीटर फरकाच्या आत स्रोत हवा. निकष लिहिणाऱ्यांना चढ माहीत होता. नकाशात मात्र १६०० मीटरचं सपाट वर्तुळ उरलं आणि उंची गळून पडली. माळशेजच्या पायथ्याला हे वर्तुळ खुशाल दरी ओलांडून पलीकडे जातं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई तसं जाऊ शकत नाही.

वर्तुळाचीच एक तांत्रिक गोम : लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर बफरचं अंतर अंशांत धरलं जातं. म्हणून ठाणे जिल्ह्यासाठी आधी यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३मध्ये, लेयर बदलून घ्यावा. पण हा सोपा भाग झाला. मीटर बरोबर आले म्हणून प्रश्न बरोबर होत नाही.

मग दोष सॉफ्टवेअरचा का? नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने अचूक उत्तर दिलं. दोष आहे आयता पर्याय स्वीकारून त्याला ‘विश्लेषण’ म्हणण्याचा. माझ्या मते या भागासाठी नियम असे हवेत :

१. एकक पाडा, महसुली गाव नाही. गावाचा आकडा पाड्यांवरून काढायचा, आणि एक जरी पाडा कोरडा असेल तर तो वेगळा दाखवायचा.

२. प्रत्येक स्रोताला दोन रकाने सक्तीचे : पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं आणि ते कोणासाठी राखीव आहे. जोडणी करण्याआधी यावर गाळणी लावायची.

३. अंतर पायवाटेने, चढासकट. उंचीचं रास्टर फुकट मिळतं. पायवाटा मात्र रस्त्यांच्या लेयरमध्ये बहुधा नसतात, त्या मोबाईलचं जीपीएस चालू ठेवून चालतच नोंदवाव्या लागतात.

४. वापरलेला नियम नकाशाच्या सूचीतच, एका साध्या मराठी वाक्यात छापायचा.

यात वेळ जातो, आणि जिल्हाभर हे लगेच होणार नाही, हे मान्य. पण चौथ्या नियमाला एक पैसाही लागत नाही. ‘गावाच्या हद्दीत एक तरी नळ असल्यास गाव हिरवे’ एवढं वाक्य नकाशाखाली असेल, तर ग्रामसभेतलं कोणीही उठून विचारू शकेल, ‘आणि आमच्या पाड्याचं काय?’ आज तो प्रश्न विचारायला जागाच नाही, कारण नियम सूचीत नाही, कोणाच्या तरी लॅपटॉपवर आहे.