चेतातंतू म्हणजे तार नव्हे

‘चेता ऊती’ हा घटक शिकवताना आपण फळ्यावर एक चेतापेशी काढतो. पेशीकाय, वृक्षिका, लांब अक्षतंतू आणि त्यावर मेदावरणाचे मणी. मग ठरलेले वाक्य येते: ‘ही जणू विजेची तार, आणि आवरण म्हणजे तारेवरचे रबर.’ कोलाड परिसरातील शिक्षकाला तर ही उपमा विनासायास सुचते. जवळच भिऱ्याचे जलविद्युत केंद्र आहे. १९२७ साली सुरू झालेल्या या केंद्राची वीज तारांतूनच मुंबईला गेली. आम्हीही ही उपमा अनेक वर्षे वापरली. आता ती सोडावी असे आम्हाला वाटते.

तिचा एक गुण मान्य करू. संदेश ठरावीक मार्गाने दूर जातो आणि त्यात विद्युतभाराचा संबंध असतो, हे मुलांना चटकन कळते. पण पुढे ती वाट चुकवते.

पहिली चूक वेगाची. तारेतला विद्युतसंकेत प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पोचतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या चेतातंतूतील वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. आपल्या शरीरातील सर्वांत जलद तंतूंतही तो सेकंदाला सुमारे १२० मीटरच असतो.

दुसरी चूक ऊर्जेची. तारेला वीज भिऱ्याहून मिळते. अक्षतंतूचे वीजघर जागोजागी त्याच्या पटलातच असते. पटलातील पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेतात. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. आवेग येताच पटलातील दारे उघडून सोडियम आत शिरते आणि त्याने पुढची दारे उघडतात. उभ्या विटांची रांग कोसळावी तसे हे आहे: प्रत्येक वीट स्वतःच्या ऊर्जेने पडते, म्हणून शेवटची वीटही पहिलीइतक्याच जोराने पडते. मात्र विटा पुन्हा उभ्या कराव्या लागतात.

तिसरी चूक आवरणाची. ते रबर नव्हे. शेजारच्या सहयोगी पेशींनी अक्षतंतूभोवती घातलेले ते वेढे आहेत. मण्यांमधल्या फटींतून आवेग उड्या मारीत जातो, म्हणून वेग वाढतो. एकच पेशी काढून ‘ऊती’ म्हटले की हे सहकार्य चित्रातून गळते.

‘एवढ्याने काय बिघडते?’ असे कुणी विचारील. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. लाल विंचवाचे विष कोकणाच्या ओळखीचे. तारेचे चित्र मनात असेल, तर विंचवाने ‘तार तोडली’ असे वाटेल. प्रत्यक्षात उलट घडते. विषामुळे सोडियमची दारे वेळेवर बंद होत नाहीत; चेतातंतू पुन्हा पुन्हा आवेग सोडत राहतात. ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांजवळ बसून ही लक्षणे टिपली; ती निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. ते चेतातंतूंना हात लावत नाही. संदेश घेणाऱ्या पेशींवरील अल्फा ग्राहके अडवते. त्याने असंख्य प्राण वाचले. दारे आणि ग्राहके यांवाचून हा उपचार समजावून सांगता येत नाही. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता तातडीने दवाखाना गाठायचा, हेही मुलांना मग कारणासह पटते.

मग वर्गात काय करावे? चाळीस मुलांना गोलात बसवा. प्रत्येकाने शेजाऱ्याचा खांदा धरावा. आपला खांदा दाबला गेला की शेजाऱ्याचा दाबावा. फेरीचा वेळ घ्या. मग खांद्याऐवजी घोटा धरून तेच करा. सरावाने वेळ स्थिर झाला की दहा फेऱ्यांची सरासरी काढा. घोट्यापासूनचा मार्ग दर मुलामागे सुमारे एक मीटर जास्त आहे. त्या जादा चाळीस मीटरांना जादा लागलेल्या वेळाने भागा. उत्तर ढोबळ येईल. पण ते तारेचे नसेल, एवढे मुलांना स्वतःच दिसेल.