वऱ्हाडच्या पडद्यावर पाप कुणाचं?

पुढे ‘परमेश्वराला रिटायर करा’ असं जाहीरपणे सांगणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंनी 1977 साली राजदत्त यांच्या ‘देवकीनंदन गोपाला’मध्ये गाडगेबाबा उभे केले. निवड वरवर उफराटी वाटते, पण ती नेमकी होती. बाबांचा देव देवळात बसणारा नव्हता आणि त्यांचं कीर्तनही हरिकथेच्या ठरलेल्या चौकटीतलं नव्हतं. बाबा श्रोत्यांना विचारत: कर्ज काढून लग्नाच्या पंगती कुणी घातल्या? नवसाचं बकरं कुणी कापलं? दारू कोण पितो? श्रोते हसत हसत उत्तरं देत, आणि उत्तर देता देता आपणच पकडले गेलोय हे त्यांच्या ध्यानात येई. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या, मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिलेल्या या माणसाला सावकार दिसत होताच. पण सावकाराकडे अंगठा द्यायला आपल्या पायांनी जाणारा माणूसही दिसत होता. बाबांचं कीर्तन म्हणजे भर चौकात, शेकडो माणसांदेखत घेतलेला कबुलीजबाबच होता.

श्रद्धा, अपराध आणि सुटका हा विषय वऱ्हाडच्या मातीत मुरलेला आहे, असं मी म्हणतो ते यामुळे. मराठी सिनेमानं मात्र बाबांचा झाडू घेतला, खापर घेतलं, त्यांचे प्रश्न फारसे घेतले नाहीत. लागूंच्या अभिनयात ती धार आहे. कॅमेरा मात्र भक्तासारखा हात जोडून समोर उभा राहतो. संतपटांची आपली जुनी खोड ही. 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये निदान तुकोबांच्या बायकोच्या, आवलीच्या तोंडी संसाराची तक्रार तरी आहे. नंतरच्या बहुतेक संतपटांत समोरची माणसं चमत्काराला साक्षीदार म्हणूनच उरली.

समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारणारा सिनेमा कसा असतो, हे पाहायला इथे पोलंडकडे बघावंसं वाटतं. तिथला कॅथलिक पंथ आणि आपला वारकरी यांची तुलना फार ताणू नये, पण यान कोमासाचा ‘कॉर्पस ख्रिस्ती’ (2019) वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला कळेल असा आहे. सुधारगृहातून सुटलेला, हातून खून घडलेला डॅनियल एका गावात पाद्री म्हणून वावरू लागतो. त्या गावात एका अपघातात तरुण पोरं मेली आहेत. समोरच्या गाडीच्या चालकावर सगळा दोष ढकलून गाव मोकळं झालंय; त्याला गावच्या दफनभूमीत जागा नाही, आणि त्याच्या विधवेला शिव्याशापांची पत्रं येतात. अशी पत्रं लिहिणारे लोक रविवारी न चुकता चर्चमध्ये बसतात. तोतया पाद्री त्यांना त्यांचंच अक्षर दाखवतो. दोष एका माणसावर टाकून बाकीच्यांनी पवित्र होणं किती सोपं असतं, हे त्या एका प्रसंगात उघडं पडतं. पाव्हलिकोव्हस्कीच्या ‘इदा’मध्येही (2013) शेजाऱ्यांचा जीव घेणारा माणूस परका नाही, त्याच गावचा आहे.

आपल्याकडे दोष बहुधा गावाबाहेर किंवा वाड्यात राहतो. राजदत्त यांच्याच ‘अरे संसार संसार’मध्ये (1981) अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं आहे. काळ्या मातीचा वास असलेलं असं गाणं मराठी पडद्यावर विरळाच. गोष्ट मात्र राबणारे इकडे आणि नाडणारे तिकडे, अशी सरळ वाटणी करते. त्यानंतर खलनायकाच्या जागी कधी सरकार आलं, कधी बाजारभाव, कधी पाऊस. हे खोटं आहे असं नाही. कापसाच्या भावानं इथली घरं बुडालीच. पण नाट्य घडायला माणसाच्या आतही काहीतरी तुटावं लागतं.

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (2009) ते तुटणं ऐकू येतं. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आता आपला किसनाही तसंच करील या धास्तीनं अलका पोराला बापाच्या मागावर ठेवते. त्याच्या आवडीचं रांधते, त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत बसते. गिरीश कुलकर्णींचा किसना या पहाऱ्यानं आधी चक्रावतो, मग वैतागतो, आणि आपण हसतो. हे हसू वऱ्हाडी आहे. मरणाच्या दारातही टोमणा मारल्याशिवाय या माणसांना राहवत नाही. सोनाली कुलकर्णींच्या अलकाच्या चेहऱ्यावर मला एक न घडलेला गुन्हा दिसतो. उद्या काही झालंच तर गाव विचारणार, तू कुठे होतीस? त्या प्रश्नाचं उत्तर ती आजच तयार करत असते. घडण्याआधीच अंगाला चिकटलेला हा अपराध दाखवायला मनवरांना ना चर्चमधली कबुलीची खिडकी लागली, ना देवाची मूर्ती. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यावर नंतरही चित्रपट आले. बहुतेकांनी बाईला फक्त रडायला ठेवलं.

‘देऊळ’ (2011) हा याच पिढीचा, वेगळ्या मुलखातला चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. उमेश कुलकर्णींनी गावातल्या भक्तीचा बाजार नेमका पकडला. पण त्याच्याशेजारी माउगोझाता शुमोव्हस्काचा ‘मग’ (2018) ठेवला की फरक कळतो. तिथेही गाव येशूचा अवाढव्य पुतळा उभारतं. त्या कामावरून पडून चेहरा गमावलेला आपलाच पोरगा नवा चेहरा घेऊन परत येतो, तेव्हा घरच्यांनाही तो नकोसा होतो. श्रद्धेची परीक्षा घरात होते. ‘देऊळ’मधला केश्या निर्मळच राहतो, भाऊ गलांडे बेरकीच राहतात, कुणाचीच झोप उडत नाही. व्यंग म्हणून ते चालतं, शोकांतिका म्हणून नाही. झोप उडवणारा मराठी चित्रपट शोधायचा तर 1974 च्या ‘सामना’पर्यंत मागे जावं लागतं. तिथे एक दारुडा मास्तर एकच प्रश्न विचारून साखरसम्राट हिंदुरावाचं जगणं हराम करतो.

असे विषय शोधायला पटकथाकारांना दूर जायची गरजही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. चक्रधरांच्या शिष्यांचे हेवेदावे, हट्ट आणि नंतरचा अनुताप त्यात लपवाछपवी न करता नोंदवलेले आहेत. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आलंय. भक्ताला माणूस म्हणून बघण्याची ही आपली मूळ रीत.

वऱ्हाडी बोलीचं पडद्यावरचं नशीबही माणसाला माणूस म्हणून बघण्याशी जोडलेलं आहे. ही बोली आली की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’मध्ये (2018) अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेनं ती सवय मोडली. आपण दत्तक आहोत हे कळल्यावर चैत्या आईची माया तपासून बघू लागतो. देविका दफ्तरदार यांची सुमी सत्य लपवल्याचं ओझं तोंडानं कधीच बोलत नाही. ते तिच्या हाताच्या कामात दिसतं. पोरक्या बोलीतलं हे गंभीर दुःख प्रेक्षकांनी आपलं मानलं, ही मला त्या वर्षातली मोठी गोष्ट वाटते.

मला बघायचाय तो चित्रपट मात्र कलेक्टर कचेरीत घडतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे समिती ठरवते. प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ होतं. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की बिगरपरवाना सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, सगळं तपासलं जातं. आता नवरा कर्जापायी गेला की दारूपायी, भावकीतल्या भांडणापायी की तिच्याच एखाद्या शब्दानं, हे विधवेला एकटीला ठाऊक आहे. खरं सांगितलं तर पोरांच्या तोंडचा घास जातो. तलाठी चांगला माणूस आहे, तिला काय लिहायचं ते हळूच सुचवतो. सासू दाराशी बसून ऐकते आहे. बाई सही करते, मदत मिळते, आणि वर्षश्राद्धाला गाव जेवायला येतं.