रिकामं पिस्तूल आणि डायपरचं पाकीट

कोएन बंधूंचा 'रेझिंग अ‍ॅरिझोना' मी पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलवर. सेमिस्टर संपल्याची रात्र, एक लॅपटॉप आणि आठ जण. डायपरच्या पाठलागाला आम्ही अक्षरशः लोळलो होतो. मागच्या महिन्यात पुन्हा पाहिला, तर एका जागी हसूच आलं नाही. ती जागा जेमतेम काही सेकंदांची आहे. दत्तक संस्थेच्या कचेरीत नायकाची जुनी फाइल उघडली जाते आणि नकार मिळतो. बस, एवढंच. पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. (शेवटापर्यंतचं कथानक पुढे येणार आहे. सिनेमा १९८७चा आहे, तेव्हा फार अपराधी वाटून घेत नाही.)

नायकाचं नाव एच. आय. मॅकडनो, सगळे त्याला 'हाय' म्हणतात. निकोलस केजनं तो विस्कटलेल्या केसांनी आणि कायम बुचकळ्यात पडलेल्या डोळ्यांनी उभा केलाय. हाय रस्त्यावरची चोवीस तास उघडी असणारी दुकानं लुटतो, पण पिस्तुलात गोळ्या घालत नाही. कुणाला इजा व्हावी अशी त्याची इच्छा नसते. तो पकडला जातो, आत जातो, पॅरोलवर सुटतो, पुन्हा दुकान लुटतो. दर वेळी त्याचा फोटो काढणारी पोलीस अधिकारी एकच : एडविना, म्हणजे 'एड' (हॉली हंटर). पाटी हातात धरून, आधी समोर बघून, मग उजवीकडे वळून हा माणूस प्रेमात पडतो. पुढे लग्न, वाळवंटातल्या ट्रेलरमध्ये संसार, कारखान्यात पत्र्याला भोकं पाडायची नोकरी. मग कळतं की एडला मूल होणार नाही. दत्तक मागायला जातात, तर हायचा इतिहास आडवा येतो. एडला पोलीस खात्यात दोनदा गौरवलेलं आहे, म्हणजे आपली वजाबाकी तिच्या बेरजेनं भरून निघेल, असा हायचा भाबडा हिशेब असतो. तो हिशेब कुणी मानत नाही. त्याच सुमारास बिनरंगाच्या फर्निचरचा व्यापारी नेथन अ‍ॅरिझोनाच्या घरी एकदम पाच मुलं जन्मतात. पाचातलं एक उचललं तर काय बिघडलं?

एवढं सगळं सांगून झाल्यावर, सुमारे अकरा मिनिटांनी, पडद्यावर सिनेमाचं नाव येतं. या अकरा मिनिटांबद्दल बहुतेक लोक वेगाचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्यातले पॅरोल बोर्डाचे प्रसंग महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याची तात्पुरती रजा. तिथे तो उरलेली शिक्षा बाहेर राहून, अटी पाळून भोगायचा मार्ग आहे. बोर्डातले सभ्य लोक हायला विचारतात, तू आम्हाला हवं तेच तर सांगत नाहीस ना? तो म्हणतो, नाही. ते म्हणतात, आम्हाला फक्त खरं हवंय. तो म्हणतो, मग तुम्हाला हवं तेच सांगतोय. आणि सुटतो. ते त्याला असंही सांगतात की तुझ्यासारख्यांना एक नाव आहे, आणि जो शब्द उच्चारतात तो माणसाचा नसून प्रक्रियेचा असतो : वारंवार गुन्ह्याकडे वळणं. एखाद्याला 'चोर' न म्हणता 'चोरी' म्हणावं, तसं. हायसुद्धा ते विनयानं मान्य करतो.

(हा विनोद आता ऐतिहासिक झालाय. १ जानेवारी १९९४ पासून घडलेल्या गुन्ह्यांसाठी अ‍ॅरिझोनानं अशी पॅरोल रद्दच केली. आजचा हाय त्या टेबलासमोर बसणारच नाही.)

इथे दया स्वस्त आहे, कारण ती फक्त शब्द मागते. आणि शब्द हायकडे भरपूर आहेत. रॉजर ईबर्टनं या सिनेमाला दीडच तारे दिले होते. ही माणसं अशी सजवलेली, भारदस्त भाषा का बोलतात, अशी त्याची तक्रार होती. ईबर्टशी मी सहसा भांडत नाही, पण इथे तो चुकला असं वाटतं. हायची भाषा अर्धी बायबलातली आणि अर्धी समुपदेशकाच्या खोलीतली आहे. 'माझ्या वर्तनाची जबाबदारी' छापाची. ती तुरुंगानंच दिलीय. सुधारणा करणारी यंत्रणा माणसाला आधी स्वतःची बोली शिकवते आणि नंतर ती बोली ऐकून खूश होते. वर्षातून दोनदा सेल्फ-अप्रेझल लिहिणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. तुरुंग फोडून आलेले त्याचे दोस्त गेल आणि एव्हेल (जॉन गुडमन, विल्यम फोर्सिथ) हेही सुटकेबद्दल असं बोलतात, जणू राजीनामा देऊन आलेत.

शब्दांवर विश्वास ठेवणारं एक टेबल आणि फाइलवर विश्वास ठेवणारं दुसरं, यांच्यामधल्या फटीत हाय पडतो. पहिलं टेबल म्हणतं, जा, तू सुधारलास. दुसरं म्हणतं, पण इथे लिहिलंय. माझं हसू त्या जागी अडकलं याचं कारण माझ्या कामात आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका कंपनीसाठी नोकरभरतीच्या पोर्टलवर काम करत होतो. त्यात एक फील्ड होतं : 'तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का?' हो किंवा नाही. अनिवार्य. 'हो' निवडलं की अर्ज एका वेगळ्या रांगेत जायचा, आणि ती रांग कोण बघतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं की केव्हा, कशासाठी, निकाल काय लागला, हे लिहायला जागा ठेवायची का? उत्तर आलं, फेज टूमध्ये बघू. फेज टू आलीच नाही. ते फील्ड मी लिहिलं, त्याची टेस्ट केसही मीच लिहिली, आणि ती पास झाली.

म्हणून हाय पुन्हा गुन्ह्याकडे वळतो ते कशासाठी, हे नीट बघायला हवं. लोभ नाही, सूड नाही, सवयसुद्धा अर्धीच. त्याला चारचौघांसारखं व्हायचंय. मूल पळवतो ते कुटुंब हवं म्हणून. त्यात पोलिसातली बायको त्याच्याहून जास्त ठाम असते. मूल पळवताना डॉ. स्पॉकचं बालसंगोपनाचं जाडजूड पुस्तकही उचलून आणतो, आणि पुढे मूल ज्याच्या हाती जातं त्याच्या हाती ते पुस्तकही जातं. सगळ्यांना चांगले पालक व्हायचंय. (पुस्तक कुणी वाचत नाही. आमच्या डॉक्युमेंटेशनचंही तेच.)

डायपरच्या प्रसंगाआधी काय घडतं ते आठवा. हायचा वरिष्ठ ग्लेन बायको (फ्रान्सेस मॅकडॉर्मंड) आणि उच्छाद मांडणाऱ्या पोरांना घेऊन घरी येतो. ही म्हणजे आदर्श गृहस्थी. मग तो हायला बाजूला घेऊन बायकांची अदलाबदल सुचवतो. हाय त्याला ठोसा मारतो, आणि हायची नोकरी जाते. बेअदबी करणारा कामावर राहतो, ती सहन न करणारा घरी बसतो. त्याच रात्री हाय डायपर आणायला दुकानात शिरतो आणि हात आपोआप जुन्या कामाला लागतो. डोक्यावर बायकांचा मोजा, हातात पिस्तूल, बगलेत ह्यूगीजचं पाकीट. बाहेर गाडीत एडला कळतं आणि ती संतापून निघून जाते. मग पोलीस, दुकानदाराची बंदूक, कुत्र्यांची झुंड, लोकांची घरं, सुपरमार्केट. बॅरी सोननफेल्डचा कॅमेरा कुत्र्याच्या उंचीवरून धावतो, मागे बँजो आणि योडलिंग. या शहरात सगळ्यांकडे गोळ्या आहेत, फक्त दरोडेखोराकडे नाहीत. आणि शेवटी एड त्याला गाडीत घेते तेव्हा तो चालत्या गाडीचं दार उघडून रस्त्यावर पडलेलं ते पाकीट उचलतो. इतक्या गोळ्या चुकवल्यावर बाळासाठी डायपर तर न्यायलाच हवेत! त्या एका हालचालीत हा माणूस पूर्ण कळतो.

सुटलेल्या कैद्याची गोष्ट म्हटली की आपल्याला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आठवतो. कथा गदिमांची, मागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग. शांतारामबापूंचे सहा खुनी कैदी पळून जाऊ शकत नाहीत, कारण जेलरचे डोळे त्यांच्या पाठीवर असतात. ते डोळे पाळत ठेवणारे नसून ओळखणारे आहेत. त्यांना माळरान मिळतं आणि ते ते पिकवतात. अ‍ॅरिझोनातही माळरानच आहे, आणि एडच्या वांझपणाबद्दल हाय बोलतो तेही खडकाळ जमिनीच्या भाषेत. पण इथे जमीन फुलत नाही आणि डोळेही नाहीत. आहे तो एडचा फोटो काढणारा कॅमेरा. गंमत म्हणजे, त्या कॅमेऱ्यामागे बसलेल्या बाईनंच काय ते त्याला ओळखलं. दोन्ही सिनेमे मला एकाच प्रश्नाची उत्तरं वाटतात. बापूंच्या उत्तरावर विश्वास ठेवावासा वाटतो. कोएनांचं उत्तर मी रोज ऑफिसात बघतो.

सगळं जमलंय असं नाही. मोटरसायकलवरून येणारा, सशांवर हातबॉम्ब टाकणारा लेनर्ड स्मॉल्स (रँडल 'टेक्स' कॉब) हायच्या स्वप्नातून उगवतो तोवर भीतिदायक आहे. प्रत्यक्षात आल्यावर तो कॉमिक्समधला राक्षस वाटतो आणि त्याची हाणामारी लांबते. पण दोन गोष्टींसाठी मी त्याला माफ करतो. एक, नेथननं पंचवीस हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असताना तो पन्नास हजार मागतो. मूल म्हणजे बाजारभावाची वस्तू हे तो उघड बोलतो. दुसरी, मारामारीत दिसतं की हायच्या आणि त्याच्या अंगावर वुडी वुडपेकरचं एकच गोंदण आहे. सिनेमा हे समजावत बसत नाही. हातबॉम्बची पिन हायच्या हाती येते, स्मॉल्सला ती दिसते, आणि हाय सॉरी म्हणतो. सिनेमाभर त्यानं बोर्डापुढे, बॉसपुढे, बायकोपुढे शिकवलेली भाषा वापरली. हा एक शब्द मात्र त्याचा स्वतःचा वाटतो.

मग ते मूल परत ठेवायला जातात आणि नेथन त्यांना पकडतो. इथे पोलीस यायला हवेत. पण हा बढाईखोर, खोट्या आडनावाचा व्यापारी (खरं आडनाव फर्निचर विकायला चालणारं नाही म्हणून बदललेलं) त्यांच्याकडे जरा वेळ बघतो, सगळं समजतो, आणि विभक्त होण्याआधी एक रात्र विचार करा म्हणतो. त्यानं फाइल मागितलेली नसते.

त्या रात्री हायला स्वप्न पडतं. म्हातारा-म्हातारी, मोठं टेबल, मुलं, नातवंडं. ती जागा कुठली, हे त्याला नक्की ठरवता येत नाही. अ‍ॅरिझोना असेल असं त्याला वाटत नाही; शेवटी शेजारच्या यूटा राज्याचं नाव घेतो, तेही 'कदाचित' म्हणत.