निर्मात्याचा कान

गीतरामायण म्हटलं की गदिमा आणि सुधीर फडके ही दोन नावं ओठांवर येतात, आणि ते रास्तच आहे. पण १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून वर्षाहून थोडा अधिक काळ, दर आठवड्याला एक नवं गीत ऐकवायचं ही योजना पुणे आकाशवाणीवरच्या सीताकांत लाड यांची. ५६ गीतं, निरनिराळे गायक आणि न चुकणारा आठवडा. प्रतिभावंतांना अशी वेळ बांधून देणं आणि ती पाळून घेणं, हे रेडिओच्या निर्मात्याचं काम. मराठी श्राव्य कार्यक्रमांत आज हा माणूसच दिसेनासा झाला आहे.

एके काळी तो हटकून असे, आणि बहुधा साहित्यिकच असे. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहत, मंगेश पाडगावकर काही वर्षं मुंबई केंद्रावर होते. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमात बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी असे काही बोलत, की पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे शेजारीच राहतात असं वाटावं. त्या सहज गप्पांमागे लिहिलेली संहिता असे आणि मिनिटांचा काटेकोर हिशेब असे.

संकलन तर हातांनी व्हायचं. टेप सेकंदाला साडेसात इंच सरकायची, म्हणजे वक्त्याचं एक ‘म्हणजे’ काढायचं तर तीन-चार इंच पट्टी कापायची. रीळ हाताने मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात कानाने शोधायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तिरका अशासाठी, की सांधा ऐकू येऊ नये. शिवाय श्वास राखायचा. दोन वाक्यांमधला श्वास कापला गेला तर बोलणारा माणूस यंत्रासारखा वाटतो. आता हे सगळं पडद्यावर एका बोटाने होतं. तरी कुठला श्वास ठेवायचा, हे कानालाच ठरवावं लागतं.

आजचे बहुतेक मराठी पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन माइक, कॅमेरा आणि दीड-दोन तास गप्पा. पाहुणे चांगले असतात, विषयही चांगले असतात. पण पाहुण्याने मोलाची गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला सांगितली, तर ती तिथेच पुरलेली राहते. घर, रस्ता, बाजार, पाऊस यांचे आवाज तर जवळजवळ नाहीतच. लांबी म्हणजे खोली, हा समज मला साफ चुकीचा वाटतो.

अमेरिकेत ‘स्टोरीकॉर्प्स’ने २००३मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ध्वनिमुद्रणाची खोली थाटली. अशा मुद्रणात ओळखीची दोन माणसं चाळीस मिनिटं बोलतात. सार्वजनिक रेडिओवर त्यातली जेमतेम तीन मिनिटं लागतात, आणि संमती असेल तर संपूर्ण मुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात जातं. ही तीन मिनिटं निवडणाऱ्याला तिथे पगार मिळतो, श्रेय मिळतं, त्यातच आयुष्य काढता येतं.

आपल्याकडे ही वाट कुठे आहे? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, त्यामुळे ते गाण्यांत रमले. आकाशवाणीत कार्यक्रम अधिकाऱ्यांची भरती वर्षानुवर्षं रखडली आणि बराच भार नैमित्तिक निवेदकांवर आला. जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला तेव्हा ओरड झाली आणि तो थांबला. श्रुतिका आणि रूपकं आटत गेली तेव्हा मात्र अशी ओरड ऐकू आली नाही. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही सामुदायिक रेडिओ वाहिनी २००८पासून आपल्या माणसांचे प्रश्न आणि गाणी त्यांच्याच बोलीत ऐकवते, ही मला या सगळ्यातली सर्वांत आशेची गोष्ट वाटते. पण सामुदायिक रेडिओचा आवाज पंचक्रोशीच्या फार पलीकडे जात नाही.

पत्रकारितेच्या विभागांनी संकलन हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवावा. आकाशवाणीने जुनी श्रुतिका-रूपकं निर्मात्याच्या नावासह सर्वांना खुली करावीत. आणि पॉडकास्ट करणाऱ्यांनी पुढचा माइक घेण्याआधी त्या पैशांत एक संकलक नेमावा, आणि कार्यक्रमाच्या शेवटी त्याचं नाव घ्यावं.