नेटिव्ह की क्रॉस? : कंपायलरच्या निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नेटिव्ह व क्रॉस कंपायलर यांतील भेद बहुधा दोन स्तंभांच्या तक्त्यात आटोपला जातो. कंपायलर ज्या रचनेच्या प्रोसेसरवर चालतो त्याच रचनेसाठी यंत्रभाषा निर्माण करत असेल तर तो नेटिव्ह, अन्य रचनेसाठी करत असेल तर क्रॉस. ही व्याख्या निर्दोष आहे. परंतु निवड कशाच्या आधारे करावी, याविषयी ती काहीच सांगत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

संज्ञेचा संभ्रम

पुण्याच्या सी-डॅक संस्थेची 'परम' मालिका या संदर्भात उद्बोधक ठरते. १९९१ च्या परम ८००० मध्ये इन्मॉसचे ट्रान्सप्युटर होते, तर १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर. २०१३ च्या परम युवा-२ मध्ये इंटेलच्या झिऑन प्रोसेसरला झिऑन फाय या सहप्रोसेसरची जोड होती. संपूर्ण प्रोग्राम सहप्रोसेसरवरच चालवण्याच्या पद्धतीस इंटेलने 'नेटिव्ह' म्हटले. मात्र असा प्रोग्राम सामान्यतः मुख्य झिऑनवर, म्हणजे क्रॉस पद्धतीने, कंपाइल होत असे. अँड्रॉइडच्या 'नेटिव्ह डेव्हलपमेंट किट'ची गत तीच. नाव नेटिव्ह असले, तरी एक्स-८६ संगणकावर बसून फोनच्या एआरएम प्रोसेसरसाठी यंत्रभाषा निर्माण करणारा तो क्रॉस कंपायलरच होय. तात्पर्य, नेटिव्ह वा क्रॉस असणे हा कंपायलरचा अंगभूत गुण नसून दोन यंत्रांमधील संबंध आहे.

निवडीचा निकष

काही ठिकाणी निवडीस वावच नसतो. ८०५१ या नियंत्रकाच्या मूळ रचनेत अंतर्गत रॅम अवघी १२८ बाइट. तेथे सी भाषेचा कंपायलर चालवणे अशक्य, म्हणून क्रॉस अपरिहार्य. रास्पबेरी पायवर मात्र दोन्ही मार्ग खुले असतात. अशा वेळी वेग हाच निकष मानला जातो आणि वेगवान संगणकावरील क्रॉस कंपायलर सरस ठरवला जातो. हा निकष अपुरा आहे. एआरएमवरील लिनक्समध्ये जीसीसी 'चार' हा प्रकार चिन्हरहित मानतो, एक्स-८६ वर चिन्हसहित. 'चार'मध्ये उणे एक साठवून तो शून्याहून लहान आहे का, असे विचारल्यास दोन यंत्रे परस्परविरुद्ध उत्तरे देतात. क्रॉस कंपायलरही लक्ष्य यंत्राचाच नियम पाळतो, त्यामुळे दोष त्याचा नव्हे; दोष आहे तो प्रयोगशाळेच्या संगणकावरील चाचणीलाच अंतिम प्रमाण मानण्याचा. नेटिव्ह पद्धतीत कंपाइल होताच चाचणी त्याच यंत्रावर घेता येते. डेबियन प्रकल्प आपली पॅकेजेस प्रामुख्याने त्या-त्या रचनेच्या यंत्रावरच बांधतो, हे येथे लक्षणीय आहे. याउलट नेटबीएसडी क्रॉस पद्धतीचा पुरस्कार करते, त्यामुळे जुन्या, मंद यंत्रांसाठीही प्रणाली अल्पावधीत तयार होते.

निष्कर्ष

कंपायलर कोठे चालवावा हा सोयीचा प्रश्न आहे. चाचणी कोठे घ्यावी हा प्रामाण्याचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीनुसार बदलू शकते, दुसऱ्याचे नाही. कळव्यासारख्या उपनगरातील महाविद्यालयास त्यासाठी महागड्या सामग्रीची आवश्यकता नाही, कारण एआरएम प्रोसेसर विद्यार्थ्यांच्या खिशातील फोनमध्येच असतो. तेव्हा तक्ता पाठ आहे का, हे पाहण्यापेक्षा प्रोग्राम लक्ष्य यंत्रावर चालवून दाखवल्यावरच प्रात्यक्षिकाचे गुण देणे अधिक न्याय्य ठरेल.