मत द्यायला काय जातं?

(पिंपरी-चिंचवडमधल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'समीक्षा' असं छापलंय. त्यामुळे कोणी एखाद्या कादंबरीबद्दल ऐकायला आलं असेल तर आधीच माफी मागतो. मी साहित्याचा माणूस नाही. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं. पण आयोजक म्हणाले, समीक्षाच करा, कशाचीही करा. तेव्हा मी आज काही वाक्यांची समीक्षा करणार आहे. ही वाक्यं कुठल्याही पुस्तकात नाहीत. तुम्ही ती रोज ऐकता, मीही ऐकतो. कंपनीची बस यायच्या आधी निगडीच्या चौकात, चहाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर. पहिलं वाक्य, "शिक्षणात आता काही राहिलं नाही." दुसरं, "रोबोट आले, माणसं गेली." आणि तिसरं, "आपल्या पोरांना कष्ट नकोत." (हशा) हसताय म्हणजे तुम्हीही म्हणता!

कविता लिहिणाऱ्याला आपण विचारतो ना, बाबा, हे कुठून आलं, काय पाहून लिहिलंस? मतालाही तेच विचारायला हवं. कारण कविता वाईट निघाली तर फार तर वाचणाऱ्याचा वेळ जातो. मत वाईट निघालं तर दुसऱ्या कुणाचीतरी तीन वर्षं जातात. हे मी अनुभवाने सांगतोय, त्यावर नंतर येतो.

पहिलं वाक्य घेऊ. शिक्षणात काही राहिलं नाही, हे म्हणतं कोण? जरा त्यांच्या घरी डोकावा. मुलगा जेईईच्या क्लासला, मुलगी नीटच्या. म्हणजे हे मत बाहेर द्यायचं आहे, घरात वापरायचं नाही.

बरं, ही तक्रार नवी आहे का? १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात ही तक्रार आहे. वरच्या शाळांतलं शिक्षण व्यवहाराला उपयोगी नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे निघतात, असा त्यांचा मुद्दा होता. मग फुले आणि चहाच्या गाडीवरचे आपण, यांच्यात फरक काय? फरक असा की फुले तिथे थांबत नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणतात. शेतीचं प्राथमिक ज्ञान शिकवा म्हणतात. मास्तरांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी असू नये, मोठ्या गावात १५-२० द्या, इथपर्यंत सांगतात. रुपयांत आकडा! आणि सांगणारा माणूस १८४८ पासून स्वतः शाळा चालवलेला. आपण तक्रारीचं पहिलं वाक्य त्यांच्याकडून घेतलं आणि १२ रुपये सोडून दिले.

आता आपल्या पट्ट्यातलं बघा. शिक्षणाला किंमत नाही, हे पोरांना वाटतं, आणि ते उगाच वाटत नाही. २०१३ मध्ये नीम नावाची योजना आली. कंपनीत प्रशिक्षणार्थी घ्यायचे, त्यांना निदान अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका मोबदला द्यायचा, आणि ते कंपनीचे कर्मचारी धरायचे नाहीत. आता फिटरचा दोन वर्षांचा किंवा वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड पूर्ण करून सर्टिफिकेट हातात असलेला माझा विद्यार्थी चाकणच्या एखाद्या लाइनीवर या नावाने उभा राहिला, की त्याची किमान किंमत कुठली? अकुशलाची. मग तो संध्याकाळी खोलीवर जाऊन म्हणतो, शिक्षणात काही राहिलं नाही. त्याच्या तोंडी हे वाक्य खरं आहे. फक्त कर्ता चुकलाय. शिक्षणाची किंमत आपोआप पडली नाही, ती कागदावर ठरवली गेली.

दुसरा कागद अगदी अलीकडचा. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. महिन्याला बारावीवाल्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. शांतपणे वाचा हे. दहावीनंतर आयटीआय एक-दोन वर्षांची, डिप्लोमा तीन वर्षांचा, दोघांची फी वेगळी, पण मोबदला एकच. आणि बारावी ते पदवी, एवढ्या सगळ्या वर्षांचा फरक महिन्याला ४,००० रुपये. या आकड्यांवर गप्पा मारा की! पण त्या होत नाहीत. त्यापेक्षा "आजकाल शिक्षणात काही नाही" हे सोपं, आणि ते ऐकून कुणी उलट प्रश्नही विचारत नाही.

इथे तो अनुभव सांगतो. आमच्या इमारतीत एक वॉचमनदादा होते. त्यांची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. हात चांगला होता तिचा, घरातला मिक्सर स्वतः उघडून दुरुस्त करायची. दादांनी मला जिन्यात गाठलं. "सर, आयटीआयला टाकू का?" माझ्या हातात दुधाची पिशवी, डोक्यात दुसरं काहीतरी. मी म्हणालो, "आयटीआयमध्ये काय ठेवलंय आता? डिप्लोमा करू द्या." आणि वर निघून गेलो. हे मी, जो तीस वर्षं ट्रेडच्या पोरांना शिकवत होतो!

मागच्या वर्षी ती मुलगी भेटली. खाजगी कॉलेज, फीसाठी वडिलांनी काढलेलं कर्ज, तीन वर्षं, आणि मग एका कंपनीत ट्रेनी म्हणून. त्याच लाइनीवर तिची शाळेतली मैत्रीण आयटीआय करून तिच्या आधी लागलेली, आणि हिला काम शिकवायला तीच. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून बाबांनी केलं." मला ते बोलणं आठवतही नव्हतं. तिने सांगितल्यावर मग ती दुधाची पिशवी आठवली.

डिप्लोमा वाईट असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं इथून घेऊन जाऊ नका. तिच्यासाठी तो पुढे चांगलाही ठरेल. माझं म्हणणं एवढंच की मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. फी किती, तुला काय आवडतं, कर्ज घ्यावं लागेल का, काही नाही.

दुसरं वाक्य, रोबोट. हे वाक्य आता 'एआय' नावाने नव्याने फिरतंय, तेवढाच बदल. पण आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बजाजने २०१० पासून माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे यांत्रिक हात आणले, देशात पहिल्यांदा. आणि त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात मोटारसायकलच्या लाइनीवर मोठ्या संख्येने बायका काम करतात. जड, वेडंवाकडं काम यंत्राने घेतलं की त्या जागी कुणाला उभं करता येतं, हा हिशेबच बदलतो. म्हणजे यंत्राने काही कामं खाल्ली, आणि काहींना दार उघडलं. कुणाची किती, याचं उत्तर कारखान्यागणिक वेगळं येणार.

बायकांचा विषय निघालाच आहे तर १९७४ सालची गोष्ट सांगतो, तुम्हाला ठाऊक असेल. टेल्कोने तरुण इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि खाली लिहिलं, महिला उमेदवारांनी अर्ज करू नये. बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला बोलावणं आलं, नोकरी मिळाली. ही गोष्ट आपण त्यांच्या धाडसासाठी सांगतो, ते योग्यच. मला मात्र त्या जाहिरातीतल्या ओळीचं कुतूहल वाटतं. ती कुणीतरी लिहिली, कुणीतरी टाइप केली, कुणीतरी तपासली. त्यांतल्या कुणालाही ते आपलं 'मत' आहे असं वाटलं नसेल. शॉप फ्लोअर बायकांना झेपत नाही, हे त्यांना सूर्य पूर्वेला उगवतो तसं वाटत असणार. आज चाकणच्या बसमधून पहाटे उतरणाऱ्या मुली बघा. ते मत कधी मेलं, कुणाला कळलंही नाही.

रोबोटच्या वाक्यात अजून एक खोट आहे. यंत्र दिसतं, म्हणून त्याच्यावर बोट ठेवता येतं. कंत्राट दिसत नाही. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीप्रमाणे देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत आज दर १० कामगारांमागे साधारण ४ कंत्राटी आहेत. या शतकाच्या सुरुवातीला ते २ होते. त्या दोनाच्या चार होण्यात रोबोटचा हात कुठे आहे? माणूस तिथेच आहे, काम तेच आहे, फक्त ओळखपत्रावर कंत्राटदाराचं नाव आहे.

२०१३ मध्ये बजाजच्या चाकणच्या कामगारांचं ५० दिवसांचं काम बंद आंदोलन झालं. त्यांची एक मागणी होती, प्रत्येकाला एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर द्या. तेव्हा सगळीकडे एकच शेरा, "डोकं फिरलंय." मीही म्हटलं असेल. मागणी मान्य झाली नाही. पण बड्या अधिकाऱ्याला शेअर दिले की आपण त्याला धोरण म्हणतो, कामगाराने मागितले की डोकं फिरलं म्हणतो. मागणी चूक असेल, पण ती आपण तपासली कुठे?

तिसऱ्या वाक्यावर फार वेळ घालवत नाही, कारण त्यात फार काही नाही. आपल्या पोरांना कष्ट नकोत. चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार. जमिनी गेल्या, पैसा आला, काहींनी टेम्पो घेतले, काहींनी खोल्या बांधल्या. ज्याचं स्वतःचं घर आहे तो बारा तासांची पाळी नाकारू शकतो. खराबवाडीत पाच जणांत एक खोली करून राहिलेला बीडचा किंवा बिहारचा मुलगा नाकारू शकत नाही. याला आपण एकाचा आळस आणि दुसऱ्याची चिकाटी म्हणतो. आणि 'आपली पोरं' म्हणजे तरी कोण? माझे वडील साताऱ्याहून इथे आले तेव्हा त्यांनाही इथलं कुणी आपलं म्हणत नव्हतं.

वेळ होत आलाय, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. (हशा) काही प्रश्न असतील तर विचारा.

(एका श्रोत्याने विचारलं, "सर, माझं पोरगं यंदा दहावीला आहे. एवढं बोललात, तर सांगा ना, आयटीआय करू की डिप्लोमा?")

दादा, बघा, म्हणजे पुन्हा जिन्यातच गाठलंत मला. (हशा) आत्ता नाही सांगणार. रविवारी सकाळी दहाला इथेच या, मुलाला घेऊन. नववीचं गुणपत्रक आणा. जवळच्या सरकारी आयटीआयची फी विचारून या, आणि दोन कॉलेजांच्या डिप्लोमाची. तुमच्या ओळखीत दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेलं कुणी असेल तर त्याला सध्या हातात किती मिळतात ते विचारा, कंपनीचं नाव नको, आकडा हवा. आणि मुलाला विचारून या की त्याला काय करायचंय. तुम्ही त्याला विचारलंय का अजून?

(श्रोता म्हणाला, "नाही.")

मग आज रात्री विचारा.